म्हाताऱ्या मोत्याच्या घरी मनी येते तेव्हा

राजूर म्हटलं की गणपती. साडेतीन गणेशपीठांत गणना होणारं आमचं गाव. अंगारकीला तर पाय ठेवायला जागा नसते. गणरायाचं वाहन उंदीर, त्यामुळे देवळात त्यालाही नमस्कार होतो. पण घरी आलं आणि त्याच उंदरानं मक्याची पोती कुरतडलेली दिसली की भक्ती जरा बाजूला राहते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, 'एखादं मांजर आणा आता.' भोकरदन तालुक्यात ज्यांच्या घरात मका-सोयाबीनच्या थप्प्या असतात, त्यांना हे नवीन नाही. राखणीला कुत्रा आणि उंदरांना मांजर, ही वाटणी आजोबा-पणजोबांपासूनची.

आता या वाटणीत आपण कॉलेजवाले शिरलोय. जालन्याला किंवा संभाजीनगरला शिकणाऱ्या कुणाला तरी होस्टेलच्या जिन्याखाली मांजराचं पिल्लू सापडतं. दोन दिवस रूमवर लपवलं जातं, स्टेटस पडतं, शंभर 'सो क्यूट' येतात. मग सुट्टीत ते बॅगेत बसून गावी पोहोचतं. सुट्टी संपली की आपण एसटी पकडतो. घरी उरतात आई-बाबा, नवं पिल्लू आणि दहा-बारा वर्षं दार राखलेला म्हातारा कुत्रा. 'तुला चालेल का?' असं त्याला कुणी विचारलेलं नसतं.

हा लेख त्याच्या बाजूनं आहे. पिल्लू आणू नका असं सांगायचं नाहीये. आणायचं असेल तर दोघांचाही जीव सांभाळून कसं आणायचं, एवढंच.

वैर जन्माचं असतं का?

घरात भावंडं भांडली की 'कुत्र्या-मांजरासारखी भांडू नका' हे वाक्य ठरलेलं. पण खरी कुत्री-मांजरं तेवढी भांडतात का? इस्रायलच्या तेल अविव विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी एकाच घरात राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचा अभ्यास केला होता. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे दोन तृतीयांश घरांत दोघांचं चांगलं जमत होतं. बाकीच्यांतही बहुतेक एकमेकांकडे फक्त दुर्लक्ष करत होते. सतत भांडणारे थोडेच निघाले.

त्या अभ्यासातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. एक म्हणजे मांजर सहा महिन्यांच्या आतलं आणि कुत्रा एक वर्षाच्या आतला असताना ओळख झाली, तर मैत्री सोपी जाते. दुसरी म्हणजे मांजर आधीपासून घरात असेल आणि कुत्रा नंतर आला, तर जास्त बरं जमतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर हेमलकसा आठवा. डॉ. प्रकाश आमटे यांच्याकडे अनाथ झालेली जंगली पिल्लं वाढली, त्यांत बिबळ्याही होते. विलास मनोहर यांच्या 'नेगल' या पुस्तकातला नेगल हा बिबळ्याच. तिथंही प्राणी लहानपणी आले आणि माणसांच्या, इतर प्राण्यांच्या सवयीनं मोठे झाले.

आपलं गणित मात्र उलटं आहे. कुत्रा म्हातारा, घर त्याचं आणि पाहुणी नंतर आलेली. म्हणजे जमण्याच्या दोन्ही अटी आपल्या बाजूनं नाहीत. जमतं, पण वेळ जास्त लागतो.

त्याचं वय झालंय

सात-आठ वर्षांपुढचा कुत्रा म्हातारपणाकडे झुकलेला असतो. सांधे धरतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो, कानांना कमी ऐकू येतं. शेपटी हलली की ती पकडायची, एवढंच काम असलेलं पिल्लू अशा कुत्र्याच्या दुखऱ्या कमरेवर उडी मारतं, तेव्हा तो गुरगुरणारच. झोपेत असताना अंगावर काही पडलं तर दचकून चावाही घेईल. मोठ्या कुत्र्याचा एक चावा दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाचा जीव घ्यायला पुरेसा असतो. तो रागाचा असो की दचकल्याचा, पिल्लाला फरक पडत नाही.

म्हणून पिल्लू आणण्याआधी कुत्र्याला एकदा पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून घ्या. दुखणं असेल तर त्यावर औषध मिळतं. दुखणं कमी झालं की चिडचिडही कमी होते.

आमच्या ओसरीवर

आमचा मोत्या बारा वर्षांचा आहे. गावठीच, एक कान पडलेला, मागचा डावा पाय जरा ओढतो. मनी आली तेव्हा ती माझ्या तळहातापेक्षा थोडी मोठी होती. पहिल्याच दिवशी शेजारचा एक मुलगा आला, 'दाखव ना त्याला' म्हणत त्यानं मनीला उचललं आणि थेट मोत्याच्या तोंडासमोर धरलं. पुढचं दोन सेकंदांत झालं. मनी फिस्कारली, मोत्याच्या नाकावर नखं ओढली आणि धान्याच्या पोत्यांमागे पळाली. मोत्या भुंकलाही नाही. उठला आणि बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली जाऊन बसला.

दोन दिवस तो ओसरीवर आला नाही. भाकरी नेऊन दिली तर हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. आज्जी म्हणाली, 'त्याला वाटलं आसंल, आपली गरज संपली.' कुत्र्याला नेमकं काय वाटतं हे कुणी सांगू शकत नाही. पण बारा वर्षांत त्यानं भाकरी नाकारलेली आम्ही पाहिली नव्हती.

मग सगळं पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी घाई न करता.

काय करायचं?

आधी वास, मग दर्शन. कुत्रा जग नाकानं ओळखतो. पहिले आठ-दहा दिवस पिल्लू एका खोलीत ठेवा, दार बंद. आमच्याकडे आज्जीच्या जुन्या लुगड्याचे दोन तुकडे केले. एक मोत्याच्या अंथरुणात, एक मनीच्या खोक्यात, रोज अदलाबदल. चार-पाच दिवसांनी मोत्यानं तो तुकडा हुंगून त्यावरच डोकं ठेवलं.

दाराच्या दोन बाजूंना जेवण. एकाच वेळी दोघांना खायला द्या, मध्ये बंद दार. आधी दारापासून लांब, मग रोज थोडं जवळ. समोरच्याचा वास आला की पोट भरतं, हे डोक्यात बसू द्या.

पहिली भेट जाळीतून. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, पट्टा मोठ्या माणसाच्या हातात. मध्ये जाळीचं दार किंवा खिडकी. पाच मिनिटं पुरे. दोघं शांत असतानाच भेट संपवा, बिघडायची वाट बघू नका. पिल्लाला हातात धरून पुढे करू नका. त्याला पळायला वाट हवी.

वर जागा, खाली जागा. गावातल्या घरात बंद खोल्या कमी आणि उघडी दारं जास्त. पण माळा, कोनाडे, शिडी, फडताळ हे सगळं मांजराच्या सोयीचं आहे. मनीचं ताट कोनाड्यात ठेवा, म्हणजे मोत्याचं तोंड पोहोचत नाही. मोत्यालाही एक कोपरा हवा, जिथं मनीला प्रवेश नाही. तो तिथं झोपला की लहान मुलांनीही त्याला उठवायचं नाही.

त्याची वेळ त्याचीच. सकाळी शेताकडे चक्कर, संध्याकाळी बाबांच्या पायाशी बसणं, पहिली भाकरी, हे काहीही बदलू नका. दोघं समोर असताना आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवा.

शेपटीची भाषा

मोठी गफलत इथं होते. कुत्रा सैल अंगानं शेपटी हलवतो तेव्हा तो बहुतेक वेळा खुशीत असतो. मांजर शेपटी फटकारतं तेव्हा ते वैतागलेलं असतं. मांजराची शेपटी सरळ वर उभी असेल तर ती ओळखीची खूण. कुत्रा पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून वाकला तर तो खेळायला बोलावतोय. पण तोच कुत्रा अंग ताठ करून, डोळे न हलवता पिल्लाकडे एकटक बघत असेल, तर पट्टा आखडा आणि भेट तिथंच थांबवा.

गुरगुरला म्हणून कुत्र्याला मारू नका. गुरगुरणं म्हणजे 'लांब राहा' ही सूचना आहे. मार खाऊन तो सूचना द्यायचं बंद करेल आणि थेट चावेल.

जिवावर बेतणाऱ्या चुका

• कुत्र्याच्या किंवा गुरांच्या गोचिडांसाठी वापरतात त्यातली काही औषधं मांजराला विषारी असतात. परमेथ्रिनसारखी औषधं कुत्र्याला चालतात, मांजराला झटके येऊन जीव जातो. कुत्र्याला औषध लावलं असेल तर ते वाळेपर्यंत मांजर लांब ठेवा आणि नेमकं कोणतं लावायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

• ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका. थोडंसंही घातक ठरतं.

• कुत्र्याचं खाणं मांजराला कायमचं चालत नाही. मांजराला टॉरिन लागतं, ते मांस-मासळीतून मिळतं. गाई-म्हशीच्या दुधानं पिल्लांना जुलाब होतात.

• आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, कुत्र्याची लसही दरवर्षी. कुणी चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

• मादी पिल्लू पाच-सहा महिन्यांतच गाभण राहू शकते. नसबंदीचं वेळेत विचारून ठेवा, नाहीतर पुढच्या सुट्टीत घरात एकाची पाच झालेली असतील.

जमलं कधी म्हणायचं?

रीलमध्ये कुत्रा-मांजर एकमेकांच्या कुशीत झोपलेले दिसतात. तेवढंच डोळ्यांसमोर ठेवलं तर निराशा होईल. काही घरांत दोन-तीन आठवड्यांत जमतं, काही ठिकाणी महिने लागतात. मोत्या आणि मनी अजून शेजारी झोपत नाहीत. पण मनी ओसरीवरून गेली तर मोत्या मान उचलतो, बघतो आणि परत पायांवर ठेवतो. त्याच्या वयाला तेवढी शांतता पुरेशी आहे. भाकरी आता पूर्ण संपते.

कधी कधी नाहीच जमत. कुत्रा आठवडे उलटून गेले तरी दबा धरून बसत असेल, खात नसेल, किंवा पिल्लू माळ्यावरून उतरतच नसेल, तर पिल्लासाठी दुसरं चांगलं घर शोधा. त्यात कमीपणा नाही. म्हाताऱ्याला मात्र दुसरं घर शोधायची वेळ आणू नका. या वयात तो नव्या माणसांची सवय कुठून करणार?

आणि पिल्लू तुम्ही आणलं असेल, तर होस्टेलवर परतताना हे सगळं आईच्या गळ्यात टाकून जाऊ नका. लसीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, दवाखान्याचा नंबर घरच्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. रात्री फोन केला की मनीचा व्हिडिओ मागायच्या आधी एवढं विचारा, 'मोत्या जेवला का?'