मायापुरीतला गिअरबॉक्स

मायापुरीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स विकत घेताना आधी त्याचा वास घेतात. माझ्यासोबत आलेल्या, गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्या उस्तादांनी तळाचा बोल्ट जरासा सैल केला, करंगळीवर दोन थेंब तेल घेतलं, नाकाशी नेलं आणि मग तेच बोट माझ्यापुढे धरलं. हे तेल नवं असताना लालभडक असतं. बोटावरचं काळपट तपकिरी होतं आणि वास करपट, टाळूला चिकटून राहणारा. ‘जल गया,’ म्हणत त्यांनी बोल्ट पुन्हा आवळला. दुकानदार अजूनही फोन पुढे करत होता. त्यात मीटरचा फोटो: गाडी जेमतेम साठ हजार किलोमीटर चाललेली, एका मालकाची, दिल्लीतली. उस्तादांनी फोटोकडे पाहिलंही नाही.

मी तिथे गेले ती निफाडच्या मामांमुळे. त्यांच्याकडे स्कॉर्पिओ गेटअवे आहे, महिंद्राची जुनी पिकअप. औषधांचे ड्रम, खतं, द्राक्षांचे क्रेट, सगळं तिनं वाहिलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डाव्या पायानं क्लच दाबवत नाही आणि गाडी विकवत नाही. ‘पोरी, दिल्लीत स्कॉर्पिओ मोडीत निघतात म्हणे. त्यातल्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स बघ की,’ असा त्यांचा फोन आला. मला वाटलं, म्हातारपणचं खूळ. पण चौकशी केली तेव्हा कळलं की हे खूळ एकेकाळी खुद्द महिंद्रालाही होतं. याच जातीची डिझेल पिकअप, सहा गिअरच्या ऑटोमॅटिकसह, अमेरिकेत विकायची पूर्ण तयारी झाली होती. २०१० मध्ये तिथल्या वितरकाशी फाटलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि गाडी अमेरिकेत पोहोचलीच नाही. भारतात गेटअवे मिळाली ती हातानं गिअर टाकायचीच. स्कॉर्पिओला मात्र २००८ मध्ये सहा गिअरचा ऑटोमॅटिक मिळाला होता. तो बनवायची ऑस्ट्रेलियातली डीएसआय ही कंपनी. पुढच्याच वर्षी, कोरियाची साँगयोंग हे तिचं मोठं गिऱ्हाईक अडचणीत आलं आणि डीएसआय बुडाली. मग चीनच्या जीलीनं ती विकत घेतली. म्हणजे नाशिकला तयार झालेल्या गाडीतला हा डबा मूळ कंपनीच्या दृष्टीनं केव्हाच पोरका झालेला.

अशा पोरक्या मालाला मायापुरी हेच घर. पश्चिम दिल्लीतला हा मोडीचा बाजार, जिथे अख्खी गाडी सकाळी आत येते आणि संध्याकाळपर्यंत तिचे दरवाजे एका गल्लीत, इंजिन दुसऱ्या आणि काचा तिसऱ्या गल्लीत पोहोचतात. इथली माणसं समोर येईल ते हातानं उघडतात. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठानं लिलावात काढलेलं एक जुनं यंत्र असंच उघडलं गेलं. त्यात कोबाल्ट-६० होतं. एक कामगार दगावला, बाकीचे कित्येक दिवस इस्पितळात होते. हातमोजे मला आजही फारसे दिसले नाहीत.

माल इतका येतो कुठून, याचं उत्तर कॅलेंडरात आहे. राष्ट्रीय हरित लवादानं ७ एप्रिल २०१५ रोजी दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली आणि भोवतालच्या प्रदेशात बंदी घातली. २९ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना दिल्लीच्या पंपावर तेलच द्यायचं नाही असं ठरलं, ओरड झाली, काही दिवसांत ते बारगळलं, आणि पुन्हा न्यायालय. दिल्लीच्या हिवाळ्यात ज्यानं श्वास घेतलाय तो या नियमाच्या हेतूबद्दल वाद घालणार नाही. पण धूर मोजण्याऐवजी वाढदिवस मोजायचे, हे मला आजवर पटलेलं नाही. उस्तादांना ते पटत नाहीच. मात्र त्यांचं पोटही त्यावरच चालतं, आणि हे ते लपवत नाहीत.

त्यांचा स्वतःचा हिशेब निराळा. ‘सौ में से अस्सी,’ ते म्हणाले, ‘गर्मी से मरते हैं.’ शंभरातले ऐंशी गिअरबॉक्स उष्णतेनं मरतात. म्हणून गाडी किती चालली हे ते विचारत नाहीत, कुठे चालली हे विचारतात. या गिअरबॉक्समध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे जाते ती आधी तेलातून. एक पंखा तेल फिरवतो, ते तेल समोरचा पंखा फिरवतं. हायवेवर मधला क्लच दोन्हींना जखडून टाकतो आणि तेल निवांत राहतं. मे महिन्यात आश्रम चौकात गाडी मुंगीच्या पावलानं सरकते तेव्हा मात्र एक पंखा जोरात आणि दुसरा जवळपास थांबलेला, मधलं तेल घुसळून तापत राहतं. मीटरवर किलोमीटर पडत नाहीत, तेल मात्र म्हातारं होतं. त्यामुळे साठ हजारांचा तो दिल्लीकर डबा त्यांनी सोडला आणि जयपूर हायवेवर दीड लाखांहून जास्त पळालेल्या गाडीतला निवडला. त्याचं तेल गडद होतं, पण करपलेलं नव्हतं. मी दोन्ही पुन्हा हुंगून पाहिले. फरक नवख्या नाकालाही कळतो.

निवड तिथे संपली नाही. मामांच्या गाडीचं इंजिन एमहॉक आहे ना, हे फोटो मागवून पाहिलं, कारण आधीच्या २.६ लिटर इंजिनाला हा डबा असाच्या असा बसत नाही. गाडी दोन चाकांवर ओढणारी की चार, हेही पाहिलं. चारवाल्याची शेपटी वेगळी. मग त्याच गाडीचा गिअरबॉक्सचा काँप्युटर, इंजिनाचा काँप्युटर, वायरिंग, गिअरचा दांडा, क्लचच्या फ्लायव्हीलऐवजी लागणारी पातळ तबकडी, असं सगळं एकगठ्ठा घेतलं. एका गाडीचा मेंदू दुसरीच्या अंगाशी बोलेलच असं नाही. फक्त तेलाचा कूलर उस्तादांनी फेकून दिला. त्याच्या नळ्यांत धातूचा कीस दडून बसतो आणि नवा केलेला डबा पंधरवड्यात खातो. आरटीओचं काय, असं मी मामांना विचारलं. ‘ते माझ्यावर सोड,’ म्हणाले. सोडलं.

उस्तादांचं वर्कशॉप म्हणजे शटरचा एक गाळा. डबा धुऊन, खोलून, आतलं सगळं एका पत्र्यावर ओळीनं मांडायला त्यांना अर्धा दिवस लागला. क्लचच्या प्लेटा हातात घेतल्यावर मी थबकले. एक साधी पोलादी, एक अस्तराची, अशा आलटून पालटून. आणि ते अस्तर जवळपास कागदच, दाबून चिकटवलेलं. तेलाच्या दाबानं या चकत्या एकमेकींना बिलगतात आणि जवळपास दोन टनांची गाडी पुढे सरकते. उस्ताद प्रत्येक प्लेट उचलून हुंगत होते. डबा तर विकत घेऊन झाला होता, सगळ्या प्लेटा बदलायच्याच होत्या, मग आता वास कशासाठी? त्यांनी मान वर केली नाही. एका गठ्ठ्याशी थांबले, पुन्हा हुंगलं, आणि त्या क्लचला तेल पोचवणारं सील दिव्याखाली धरलं. कडेला नखाएवढी चीर होती. प्लेटा करपल्या कुठे हे नाक सांगतं, का करपल्या ते मग शोधायचं.

नव्या प्लेटा रात्रभर तेलात भिजत ठेवल्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दाबाला जळतात. व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाच्या वाटांचा तो चक्रव्यूह, उस्तादांनी कुणाला हात लावू दिली नाही. त्यातल्या छोट्या गोळ्या व्हॅसलीननं जागच्या जागी चिकटवत ते एकदाच बोलले: एक गोळी इकडची तिकडे गेली की गाडी तिसऱ्या गिअरला रुसते. तेल फिरवणारा तो पंख्यांचा डबा खरादवाल्याकडे कापून, साफ करून, वेल्डिंग करून आला. शेवटी प्रत्येक वाटेत हवेचा झोत सोडून पाहिलं. ‘ठप्प’ असा भरीव आवाज आला की क्लच पकडतोय. नुसती फुसफुस आली की पुन्हा खोला. एकदा खोलावं लागलं.

कंपन्या म्हणतात, हे तेल आयुष्यभराचं. यावर उस्ताद मनापासून हसले. ‘किसकी लाइफ?’ आणि पुन्हा तोच आकडा, सौ में से अस्सी. तो कुणी मोजलेला नाही, त्यांनीही नाही, तरी त्यांच्या गाळ्यातल्या कोपऱ्यात रचलेल्या करपलेल्या प्लेटांचा ढीग पाहिल्यावर मी तो वाद घातला नाही.

संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरातून लाकडी खोक्यात डबा नाशिकला रवाना झाला. ओझरच्या मेकॅनिकला उस्तादांनी फोनवरून हिंदीत आणि त्यानं त्यांना मराठीत बरंच समजावलं. इंजिन चालू ठेवून, तेल गरम असतानाच पातळी बघायची, यावर दोघांचं एकमत झालं. मामांनी किंमत ऐकून आधी सुस्कारा टाकला, मग विचारलं की कसारा घाटात भरलेली गाडी तापेल का. उस्तादांनी उलट विचारलं: वजन किती आणि घाईत असता का?

आम्ही नाकारलेला तो साठ हजारवाला परवा विकला गेला. घेणाऱ्यानं मीटरचा फोटो स्वतःच्या फोनवर मागवून घेतला होता.