आधी पुनर्वसन की आधी पाणी?
लेंडीकाठच्या पुराने पुढे आणलेला जुना प्रश्न

मुखेड (जि. नांदेड) - मुखेड तालुक्यात १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री ढगफुटीसदृश पाऊस झाला आणि लेंडी नदीच्या परिसरातील रावणगाव, हसनाळ, भिंगेली, भासवाडी ही गावे पहाटेपर्यंत पाण्याने वेढली गेली. शासनाने दुसऱ्या दिवशी दिलेल्या माहितीनुसार लेंडी धरणाच्या क्षेत्रात २०६ मिलिमीटर पाऊस झाला होता, तर एकट्या रावणगावात २२५ नागरिक अडकले होते. हसनाळमध्ये माणसांचे बळी गेले. बचावासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाबरोबरच छत्रपती संभाजीनगरहून लष्कराची तुकडी पाचारण करावी लागली.

उदगीर आणि कर्नाटकाच्या बाजूने आलेला पाण्याचा लोंढा हे शासनाने सांगितलेले कारण होते. ग्रामस्थांचे म्हणणे निराळे होते. पुनर्वसन अपुरे असताना धरणाची घळभरणी केल्यामुळे, म्हणजे नदीपात्रासाठी भिंतीत मोकळा ठेवलेला भाग बुजविल्यामुळे, पाण्याची वाट अडली, असा त्यांचा आरोप होता. आभाळाचे पाणी किती आणि अडलेले किती, हा हिशेब अभियंत्यांनी मांडायचा आहे. परंतु जे क्षेत्र बुडणार हे अनेक वर्षांपासून ठाऊक होते, तेथे त्या रात्री माणसे का झोपलेली होती, या प्रश्नाचे उत्तर पर्जन्यमापकात सापडणारे नाही. विस्थापनाचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न गेली अनेक दशके हाताळला आहे.

लांबलेला प्रकल्प, थांबलेले गाव

लेंडी ही मांजरा नदीची उपनदी. तिच्यावर मुखेड तालुक्यातील गोणेगाव येथे महाराष्ट्र आणि तत्कालीन आंध्र प्रदेश यांनी संयुक्तपणे धरण हाती घेतले, त्यास आता सुमारे चार दशके होत आहेत. पुढे २०१४ मध्ये आंध्राचे विभाजन होऊन दुसरा भागीदार तेलंगण झाला. दरम्यानच्या काळात खर्च कित्येक पटींनी वाढत गेला. कागदावर हा विलंब केवळ सुधारित अंदाजपत्रकांच्या रूपाने दिसतो. गावात त्याचे रूप वेगळे असते.

प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासंबंधी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९७६ पासून आहे. १९८६ आणि १९९९ मध्ये त्याची जागा नव्या अधिनियमांनी घेतली. या कायद्यानुसार अधिसूचना निघाली की बाधित क्षेत्रातील जमिनीच्या खरेदी-विक्रीवर आणि वाटणीवर निर्बंध येतात. सट्टेबाजी रोखणे हा त्यामागील हेतू रास्तच आहे. मात्र, प्रकल्प लांबला की हेच निर्बंध पिढ्यान्‌पिढ्यांचे होतात. बुडणाऱ्या घराला कोणी नवे छत घालत नाही, बुडणाऱ्या शेतात कोणी विहीर खणत नाही आणि बुडणाऱ्या गावात शासनही नवी शाळा बांधण्यास उत्सुक नसते. पहिल्या पाहणीच्या वेळी पाळण्यात असलेला मुलगा आज स्वतःचा संसार चालवतो. शासकीय भाषेत तो ‘वाढीव कुटुंब’ ठरतो आणि त्याला भूखंड मिळणार की नाही, हा वेगळा वाद उभा राहतो. पुनर्वसन अपुरे आहे आणि यादी पूर्ण आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी वाटू लागतात ती यामुळेच.

नुकसान केवळ घराचे नव्हे

जागतिक बँकेत अनेक वर्षे काम केलेले समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्निया यांनी देशोदेशींच्या प्रकल्पांवरून विस्थापितांपुढील आठ धोके मांडले. जमीन जाणे, रोजगार जाणे, घर जाणे, समाजाच्या कडेला ढकलले जाणे, अन्नाची शाश्वती जाणे, आजार व मृत्यूचे प्रमाण वाढणे, गायरान-पाणवठ्यासारख्या सामाईक साधनांना मुकणे आणि शेजार-भावकीचे नाते तुटणे, असे ते आठ. नुकसानभरपाईचा धनादेश यांपैकी फार तर दोन-तीन गोष्टींची किंमत मोजतो. गायरानावर शेळ्या चारणाऱ्या कुटुंबाच्या नावावर गायरान नसते, त्यामुळे ते गेल्याची भरपाईही कोणाच्या नावे निघत नाही.

सात-बाराबाहेरची माणसे

विस्थापनाचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही. समाजशास्त्रज्ञ वॉल्टर फर्नांडिस यांच्या अंदाजानुसार स्वातंत्र्यानंतरच्या पन्नासेक वर्षांत देशात सुमारे सहा कोटी लोक प्रकल्पांमुळे विस्थापित वा बाधित झाले. त्यांत आदिवासींचे प्रमाण सुमारे ४० टक्के असल्याचे ते सांगतात. देशाच्या लोकसंख्येत आदिवासींचा वाटा ९ टक्क्यांहूनही कमी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने सरदार सरोवराच्या महाराष्ट्रातील पुनर्वसनाचा प्रदीर्घ अभ्यास केला. सातपुड्यातील अनेक आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली जमीन सरकारदप्तरी वनजमीन होती. त्यामुळे कसणारे कायद्याच्या नजरेत अतिक्रमणदार ठरले आणि मोबदल्याच्या हक्कासाठी त्यांना झगडावे लागले. मुखेडची परिस्थिती वेगळी असली, तरी धोका त्याच जातीचा आहे. डोंगराळ, हलक्या जमिनीच्या या तालुक्यातून, विशेषतः तांड्यांवरून, मोठ्या संख्येने लोक ऊसतोडीला आणि हैदराबादकडे मजुरीला जातात. पाहणीच्या दिवशी जे कुटुंब फडावर असेल, ते यादीत कसे येणार? ज्याच्या नावे सात-बारा नाही, त्या शेतमजुराने आपली उपजीविका गेली हे कोणत्या कागदाने सिद्ध करायचे?

कायद्याने ठरविलेला क्रम

‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही महाराष्ट्रातील धरणग्रस्तांच्या चळवळीची जुनी घोषणा. पुढे कायद्यानेही तिचा गाभा मान्य केला. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने १८९४ च्या ब्रिटिशकालीन कायद्याची जागा घेतली. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. संपादनापूर्वी सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि त्यावर जनसुनावणी आवश्यक ठरली. जमीन नसलेले, परंतु त्या क्षेत्रात किमान तीन वर्षे राबणारे शेतमजूर, कुळे आणि कारागीर यांनाही बाधित कुटुंब मानले गेले. तिसरी गोष्ट म्हणजे, सिंचन प्रकल्पांसाठी जमीन संपादित झाल्यास ती पाण्याखाली जाण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण झाले पाहिजे, असे बंधन आले.

अडचण अशी, की लेंडीसारखे प्रकल्प जुन्या कायद्याच्या काळात सुरू झाले. त्या वेळी सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची सक्ती नव्हती. असे असले, तरी सहा महिन्यांच्या अटीमागील तर्क कायद्याच्या तारखेवर अवलंबून नाही. मान्सूनचा पाऊस मुदतवाढ देत नाही. जिवंत राहण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ ने दिलेला आहे आणि तो १९८५ च्या प्रकल्पग्रस्ताला एक व २०२५ च्या प्रकल्पग्रस्ताला दुसरा, असा असू शकत नाही.

मराठवाड्याला पाणी हवे, याविषयी दुमत नाही. लेंडीच्या पाण्याची वाट पाहणारे शेतकरीही याच मातीतले आहेत. महाराष्ट्राच्या पुनर्वसन कायद्याने लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांकडून काही जमीन घेऊन ती बुडितातील लोकांना देण्याची तरतूद केली, त्यामागे हाच न्याय होता. ज्याला पाणी मिळते, त्याने गमावणाऱ्याचे देणे फेडावे. ते देणे फिटल्याची खात्री ग्रामसभेसमोर, प्रत्येक कुटुंबाच्या नावानिशी झाली पाहिजे. ती खात्री झाल्यानंतरच घळ बुजवावी, एवढा एक क्रम पाळला, तरी नदीकाठच्या माणसांना पावसाळी रात्री निर्धास्त झोपता येईल.