एक्सएमएल विश्लेषण, घटनाधिष्ठित

एक्सएमएल लेखातील खुणा ओळखीत पुढे जाताना प्रत्येक खुणेपाशी, आज्ञावलीकाराने आधी नेमून दिलेले फलन विश्लेषकाकडून बोलाविले जाण्याची पद्धत. अशा फलनास कॉलबॅक म्हणतात. सर्वसाधारण फलन आज्ञावलीकार स्वतः हवे तेव्हा बोलावितो. कॉलबॅक मात्र तो विश्लेषकाच्या स्वाधीन करतो व ते केव्हा बोलवावयाचे, हे लेखातील मजकुरावरून ठरते.

एक्सएमएल ही खूणभाषा एसजीएमएल (१९८६) या आंतरराष्ट्रीय मानकावरून सुटसुटीत करून घेण्यात आली. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी तिची शिफारस प्रसिद्ध केली. जेम्स क्लार्क यांनी सी भाषेत लिहिलेला एक्सपॅट हा घटनाधिष्ठित विश्लेषक होय. रासमुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पीएचपी या वेब-आज्ञाभाषेतील कॉलबॅक-पद्धतीची एक्सएमएल फलने मूलतः एक्सपॅटवर आधारलेली आहेत.

कार्यपद्धती : प्रथम विश्लेषक निर्माण करून त्यास मुख्यत्वे तीन फलने नेमून देतात. पहिल्यास आरंभखुणेतील घटकाचे नाव व गुणधर्म मिळतात, दुसऱ्यास समाप्तिखुणेतील नाव आणि तिसऱ्यास मधला मजकूर. नंतर फाइल तुकड्यातुकड्यांनी वाचून विश्लेषकास पुरविली जाते व अखेरचा तुकडा देताना तशी सूचना दिली जाते. उदा., ग्रंथसूचीत ‘पुस्तक’ ही आरंभखूण येताच पहिले फलन रिकामी नोंद उघडते, तिसरे तीत मजकूर भरते व समाप्तिखूण येताच दुसरे ती नोंद पूर्ण करते. आपण कोणत्या घटकात आहोत याची आठवण विश्लेषक फलनांना देत नाही. म्हणून उघड्या घटकांच्या नावांची चळत आज्ञावलीतच राखावी लागते.

गुणदोष : संपूर्ण लेखाचा वृक्ष स्मृतीत उभारणाऱ्या डॉम पद्धतीच्या तुलनेने येथे स्मृती फारच थोडी लागते. त्यामुळे प्रचंड आकाराच्या फाइलींना ही पद्धत सोयीची आहे. मात्र मागे जाऊन एखादा घटक पुन्हा पाहता येत नाही.

दक्षता : एकाच घटकातील मजकूर तिसऱ्या फलनास एकदाच मिळेल अशी हमी नसते. फाइलीच्या तुकड्याच्या सीमेवर तो दोन हप्त्यांत येऊ शकतो. देवनागरीत व्यंजन एका वेळी व त्याची मात्रा दुसऱ्या वेळी असेही घडते. म्हणून आलेला मजकूर आधीच्यास जोडीत जाऊन समाप्तिखुणेपाशीच वापरावा लागतो. अन्यथा नाव अर्धवट राहते व चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. पीएचपीत मूळ मांडणीनुसार घटकांची रोमन नावे मोठ्या लिपीत बदलली जातात. हे न जाणता लहान लिपीतील नावांशी तुलना केल्यास एकही घटक सापडत नाही. निर्गत संकेतन यूटीएफ-८ ऐवजी आयएसओ ८८५९-१ ठेवल्यास देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.

सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, लेख सदोष असल्यास विश्लेषण दोषाच्या जागी थांबते, परंतु तोवर बोलाविलेल्या फलनांचे परिणाम रद्द होत नाहीत. प्रत्येक नोंद लगेच कायम केली, तर अर्धी सूची जुनी व अर्धी नवी अशी स्थिती उद्भवते. याकरिता विश्लेषण निर्दोष पूर्ण झाल्यावरच सर्व नोंदी एकत्रितपणे कायम करणे इष्ट ठरते.