पडद्यावरची खाकी (लेखांक ४) : ‘अर्धसत्य’

‘अर्धसत्य’ (१९८३) हा गोविंद निहलानी यांचा हिंदी चित्रपट, पण त्याची घडण मराठी आहे. मूळ कथा श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे आणि ज्या कवितेवरून नाव घेतले ती दिलीप चित्रे यांची. निहलानी आणि तेंडुलकर यांनी त्याआधी ‘आक्रोश’मध्ये (१९८०) तोंडातून शब्द न काढणाऱ्या एका आदिवासी आरोपीच्या खटल्यातून न्यायव्यवस्था तपासली होती. या वेळी ते मुंबईतल्या एका पोलिस ठाण्यात शिरले.

चित्रपटाचा नायक अनंत वेलणकर (ओम पुरी) फौजदार आहे आणि तो लाच घेत नाही. तरीही भ्रष्टाचार त्याला गिळतो, तो कसा, हेच या चित्रपटाने फार बारकाईने दाखवले आहे. रामा शेट्टी या गुंडाच्या हातून भाजून मरायला टाकलेला एक माणूस वेलणकरला सापडतो. तो इस्पितळात शेट्टीचे नाव घेतो. वेलणकर अटक करायला जातो, तेव्हा शेट्टी जागचा हलतही नाही. तो फक्त एक फोन लावतो. पलीकडे वरिष्ठ अधिकारी असतो आणि वेलणकरला हात हलवत परत यावे लागते. पुराव्याचा प्रश्नच तेथे उपस्थित होत नाही.

याहून महत्त्वाचे पात्र म्हणजे इन्स्पेक्टर हैदर अली (शफी इनामदार). हा दुष्ट माणूस नाही. आपल्या हाताखालच्या तरुण अधिकाऱ्याची त्याला मनापासून काळजी आहे. बायकांची छेड काढणाऱ्या गुंडांना वेलणकर कोठडीत चोप देतो; त्यांतला एक आमदाराचा माणूस निघतो आणि निलंबनाची पाळी येते. तेव्हा हैदर अलीच दिल्लीत वजन असलेल्या एका मध्यस्थाला गाठून प्रकरण मिटवतो. वेलणकर वाचतो, पण ज्या वशिल्याची त्याला चीड होती त्याच वशिल्याने. उपकार एकदा घेतला की पुढच्या संकटात पाय त्याच दाराकडे वळतात. खात्यातला भ्रष्टाचार वाईट माणसांपेक्षा अशा भल्या माणसांच्या मदतीने जास्त टिकतो, हे ‘अर्धसत्य’चे खरे निरीक्षण आहे.

या वाटेने न जाणाऱ्याचे काय होते, ते माइक लोबो (नसीरुद्दीन शाह) या नोकरी गमावलेल्या, दारूत बुडालेल्या इन्स्पेक्टरच्या रूपाने समोर उभे राहते. पुढे वेलणकर जिवावर उदार होऊन एका डाकूला पकडतो आणि श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या पदरात पडते. त्याचेही पिणे वाढते. त्याच नशेत किरकोळ चोरीच्या एका संशयिताला तो कोठडीत इतका मारतो की तो माणूस मरतो.

हे क्रौर्य आकाशातून पडलेले नाही. वेलणकरचे वडील (अमरीश पुरी) निवृत्त पोलिस. ते आईला मारत असताना लहानगा अनंत ते पाहत राहिला होता. पुढे त्यांनीच त्याला त्याच्या मनाविरुद्ध पोलिसात घातले. तेंडुलकरांनी नेहरू फेलोशिप घेऊन हिंसेचा अभ्यास केला होता. घरातली मारहाण आणि कोठडीतली मारहाण एकाच धाग्यात ओवण्यामागे ती दृष्टी जाणवते.

चित्रपटातला फोन त्या काळच्या सरकारी कागदांतही दिसतो. १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलिस आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल दिले. तपासातला राजकीय हस्तक्षेप आणि बदलीची टांगती तलवार हे त्यांतले मुख्य विषय होते. त्या शिफारशी वर्षानुवर्षे पडून राहिल्या. कोठडीतल्या छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये बंधने घातली. २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात ठाणे प्रमुखांना किमान दोन वर्षांची मुदत आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, असे आदेश दिले. महाराष्ट्राने त्यासाठी आपल्या पोलिस कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती केली. चित्रपट येऊन तेव्हा तीन दशके उलटली होती.

चित्रपटाच्या शेवटी, कोठडीतल्या त्या मृत्यूमुळे निलंबित झालेला वेलणकर मदत मागायला आता निवडणूक लढवणाऱ्या रामा शेट्टीकडेच जातो. माझा माणूस हो, ही शेट्टीची अट. सदाशिव अमरापूरकरांनी हा शेट्टी आवाज न चढवता, घरच्यासारख्या आपुलकीने उभा केला आणि त्यामुळेच तो अंगावर येतो. वेलणकर त्याचा गळा दाबतो आणि ठाण्यात जाऊन हजर होतो. प्रेक्षकांच्या लक्षात राहतो तो हा सूड. पण ज्या हातांनी तो घेतला, त्याच हातांनी कोठडीत एक दुबळा माणूस मारलेला आहे आणि त्याला कोणीही न्याय दिलेला नाही. चित्रपट पाहताना त्या माणसाला नजरेआड होऊ देता कामा नये. ओम पुरी यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अमरापूरकर, पानवलकर आणि तेंडुलकर यांना फिल्मफेअरने गौरवले.