सोलरचे पाणी कोमट येतेय? आधी गच्चीवरचे पाइप ओळखा

थंडी सुरू झाली की जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगावात अनेक घरांची सकाळची आंघोळ गच्चीवरच्या सोलरवर अवलंबून असते. दिवसभर कडक ऊन, काचेच्या नळ्या स्वच्छ, तरीही बादलीत कोमट पाणी! अशा वेळी सोलर खराब झाला असे ठरवण्याआधी पाइप तपासा. थंड आणि गरम पाइपची अदलाबदल झाली असेल, तर नवा कोरा सोलरही कोमटच पाणी देतो.

गरम पाइप वरच का?

एक लिटर पाण्याचे वजन २० अंश सेल्सिअसला सुमारे ९९८ ग्रॅम, तर ६० अंशांना सुमारे ९८३ ग्रॅम भरते. या १५ ग्रॅमच्या फरकावर घरगुती सोलर पंपाशिवाय चालतो. तापलेले हलके पाणी टाकीत वर चढते, थंड पाणी तळाशी राहते. म्हणून बहुतेक टाक्यांत थंड पाणी खालून आत येते आणि गरम पाणी वरच्या बाजूने बाहेर पडते.

जुन्या काही बंबांतही हेच तत्त्व होते. नरसाळ्यातून ओतलेले थंड पाणी तळाशी जाते आणि तेवढेच गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर येते. त्यामुळेच लाइट गेली, मोटर बंद राहिली आणि थंड पाण्याची टाकी रिकामी झाली, तर सोलर भरलेला असूनही गरम नळ कोरडा पडतो. मागून ढकलणारे पाणीच नसते.

पाइप असे ओळखा

१. थंड पाण्याच्या टाकीतून निघालेला पाइप शेवटपर्यंत पाहा. तो सोलरच्या टाकीत खालच्या बाजूला जायला हवा.

२. टाकीच्या माथ्यावरचा, तोंड उघडे असलेला उभा पाइप म्हणजे व्हेंट. हवा आणि वाफ त्यातून बाहेर पडते. तो कधीही बंद करू नका.

३. दुपारी गरम नळ दोन मिनिटे सोडा. जो पाइप तापत जाईल तो गरम, जो गार पडेल तो थंड. पाइप पोळण्याइतका तापलेला असू शकतो, त्यामुळे मुठीत धरू नका.

४. नळ्यांऐवजी सपाट काचेची पेटी असेल, तर टाकी आणि पेटीमध्ये दोन पाइप असतात. खालचा पाइप थंड पाणी पेटीत नेतो, वरचा गरम पाणी टाकीत परत आणतो. भर उन्हातही वरचा पाइप गार असेल, तर आत हवा किंवा क्षार अडकल्याची शक्यता असते.

५. रंगावरून अंदाज येतो, खात्री होत नाही. गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप बहुधा क्रीम रंगाचा, थंड पाण्याचा यूपीव्हीसी पांढरा असतो. गरम लाइनला पांढरा पाइप जोडला असेल, तर तो उष्णतेने मऊ पडून वाकू शकतो.

पाइप बरोबर, तरीही पाणी कोमट?

पहाटे, ऊन येण्याआधी, टाकीपासून हातभर लांब थंड पाइपला हात लावा. तो कोमट लागला तर गरम पाणी मागे सरकत असावे. त्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का आणि तो नीट चालतो का, हे प्लंबरकडून पाहून घ्या.

बाथरूममधला मिक्सर हेही एक कारण असते. मिक्सरकडे येणाऱ्या थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम नळ सोडा. आता पाणी जास्त गरम आले, तर दोष गच्चीवर नाही, मिक्सरमध्ये आहे.

१०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४.६ युनिट वीज लागते. सोलरचे पाणी कोमट राहिले की हाच भार विजेच्या गिझरवर, म्हणजे बिलावर येतो. पाइप ओळखून झाले की गरम पाइपला लाल आणि थंड पाइपला निळा पट्टा रंगवून ठेवा. पुढच्या दुरुस्तीत अदलाबदल होणार नाही.