कर्बाम्ल वायूचा सिलिंडर भरावा कोठे?

सोडावॉटरची बाटली उघडताच जो वायू फसफसून वर येतो, त्याला जुन्या शालेय पुस्तकांत कर्बाम्ल वायू म्हणत. आज तो कार्बन डायॉक्साइड या नावाने ओळखला जातो. कोळसा जळला, प्राण्याने श्वास सोडला किंवा पीठ आंबले, की तो निर्माण होतो. इतका सर्वत्र आढळणारा वायू पैसे देऊन मिळविण्यासाठी एखाद्या गृहस्थास दुकानामागून दुकान पालथे घालावे लागावे, हे प्रथमदर्शनी नवलाचे वाटेल. तथापि अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांना हा अनुभव नित्याचा आहे.

महाराष्ट्रात परवान्यावाचून असे पेय घरी तयार करणे 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा ठरतो. अमेरिकेत मात्र 1978 साली संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने स्वतःच्या घरापुरत्या बिअरवरील कर माफ झाला आणि या छंदास मोकळीक मिळाली. अलाबामा व मिसिसिपी ही उरलेली दोन राज्ये 2013 साली इतरांच्या पंक्तीस येऊन बसली. पूर्वी हे हौशी लोक बाटलीत थोडी साखर घालून बूच लावीत. उरलेले किण्व ती साखर खाई व बाटलीतच वायू तयार होई. बाटल्या धुण्याचा कंटाळा आलेल्यांनी पुढे सुमारे 19 लिटरचे पोलादी पिंप घरात आणले. पिंपातील पेयात वायू मुरवावयाचा आणि ते तोटीपर्यंत ढकलावयाचे, तर बाहेरून दाब हवा. हा दाब पुरविणारा सिलिंडर बहुधा 5 पौंडी, म्हणजे सुमारे सव्वादोन किलो वायू मावेल एवढा असतो.

असा सिलिंडर किती दिवस पुरेल? एका लिटर बिअरमध्ये सुमारे 5 ग्रॅम वायू विरघळलेला असतो, म्हणजे एका पिंपास 95 ग्रॅम. पेय संपत जाईल तशी रिकामी होणारी जागा भरण्यास आणखी साठ-सत्तर ग्रॅम लागतात. या हिशेबाने एका सिलिंडरात तेरा-चौदा पिंपे निघावीत. प्रत्यक्षात तितकी क्वचितच निघतात, कारण एखाद्या सांध्यातून वायू गळत राहतो आणि दाबमापकाचा काटा त्याची गंधवार्ताही देत नाही.

काट्याच्या या मौनाचे कारण समजून घेण्याजोगे आहे. सिलिंडरात वायू हवेसारखा कोंबून भरलेला नसतो. दाबाखाली त्याचा द्रव झालेला असतो. द्रवाचा एक थेंब शिल्लक असेतोवर त्यावरील बाष्पाचा दाब केवळ तपमानावर अवलंबून राहतो. 20 अंश सेल्सियसला तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 57 पट असतो, मग सिलिंडर काठोकाठ भरलेला असो की तळाशी पेलाभर द्रव उरलेला असो. द्रव संपला की काटा झरझर खाली येतो. तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणून जाणता माणूस काट्याकडे न पाहता सिलिंडर वजनकाट्यावर ठेवतो. रिकाम्या सिलिंडराचे वजन त्याच्या खांद्यावर कोरलेले असते; ते वजा केले की किती माल उरला ते कळते.

भरणाराही वजनानेच भरतो, आणि येथे प्रश्न प्राणाचा असतो. सिलिंडरात जितके पाणी मावेल, त्याच्या वजनाच्या 68 टक्क्यांहून अधिक कार्बन डायॉक्साइड त्यात भरावयाचा नाही, असा अमेरिकेतील दंडक आहे. या प्रमाणात भरलेल्या सिलिंडरात 20 अंशाला सुमारे पाच-षष्ठांश जागा द्रवाने व्यापलेली असते. ऊन वाढू लागले की हा द्रव पाण्याच्या तुलनेने कितीतरी अधिक फुगतो आणि तिशी गाठण्यापूर्वीच सारी जागा व्यापतो. 31 अंशाच्या पुढे तर द्रव व वायू हा भेदच नाहीसा होतो. प्रमाणाबाहेर भरलेल्या सिलिंडरात दाब भरमसाट वाढतो. सुरक्षेसाठी बसविलेली पातळ चकती अशा वेळी फुटून वायूस वाट देते, म्हणून सहसा अनर्थ टळतो. चकती नव्हती त्या काळी काय होई, याचे उदाहरण पॅरिसमध्ये घडले. तिलोरिए याने तयार केलेल्या बिडाच्या यंत्रात हा वायू द्रवरूप करीत असता 1840 च्या डिसेंबरात भांडे फुटले आणि प्रयोग करणारा तरुण सहायक प्राणास मुकला.

कोणताही दुकानदार परक्याचा सिलिंडर सहजी हातात का घेत नाही, हे यावरून ध्यानात येईल. अमेरिकेत दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली सिलिंडराची परीक्षा करून तिची तारीख धातूवर ठोकावी लागते. ती मुदत उलटली असेल तर भरणारा नकार देतो आणि तो योग्यच असतो. आपल्याकडेही हे काम परवान्याखेरीज करता येत नाही. 2016 च्या गॅस सिलिंडर नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्य कार्यालय नागपुरास आहे.

हौशी माणसाची पहिली धाव बहुधा वेल्डिंगचे वायू विकणाऱ्याकडे असते. तेथे पुष्कळदा सिलिंडर भरून मिळत नाही, बदलून मिळतो. नवाकोरा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर देऊन पोचे पडलेला जुना पोलादी सिलिंडर घरी आणताना गिऱ्हाईक हिरमुसते खरे, पण परीक्षेची कटकट त्याच्या डोक्यावरून जाते. आपलाच सिलिंडर परत हवा असेल त्याने अग्निशामक उपकरणे दुरुस्त करणाऱ्याकडे, कोरडा बर्फ विकणाऱ्याकडे किंवा बिअरच्या साहित्याच्या दुकानात जावे. तेथे मोठ्या सिलिंडरातून लहानात द्रव ओतून देतात. अग्निशामकाचा जुना सिलिंडर मात्र कोणी स्वस्त म्हणून घेऊ नये. त्यात तळापर्यंत गेलेली नळी असते. झडप उघडताच वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि दाब-नियंत्रक निकामी करतो.

भरलेला सिलिंडर घरी नेतानाही सावधगिरी हवी. सव्वादोन किलो द्रवाचा साध्या दाबाला बाराशे लिटरांहून अधिक वायू होतो. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद व अडीच मीटर उंच अशा बंद खोलीत तो सारा गळला, तर हवेत त्याचे प्रमाण सुमारे 8 टक्के होईल, आणि एवढ्याने माणूस बेशुद्ध पडू शकतो. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने तळघरात तो जमिनीलगत साचतो. मोटारीत सिलिंडर असता खिडकी उघडी ठेवावी.

एवढे सारे सांभाळूनही 2020 साली अनेकांच्या पदरी निराशा आली. अमेरिकेत पेयांसाठी लागणारा बराचसा कार्बन डायॉक्साइड मक्यापासून इथेनॉल बनविणाऱ्या कारखान्यांतून येतो. हे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. महामारीत मोटारी घरोघर उभ्या राहिल्या, पेट्रोलचा खप उतरला, इथेनॉलचे कारखाने मंदावले आणि सोडा व बिअर यांचा वायू दुर्मिळ झाला! ब्रिटनमध्ये तो त्या काळी मुख्यत्वे अमोनिया खतांच्या कारखान्यांतून मिळे. 2018 च्या उन्हाळ्यात युरोपातील असे अनेक कारखाने एकाच वेळी दुरुस्तीसाठी बंद राहिल्याने, तर सप्टेंबर 2021 मध्ये नैसर्गिक वायू महागल्याने दोन मोठे कारखाने थांबल्यामुळे टंचाई उद्भवली. झळ बिअरवाल्यांप्रमाणेच मांस विकणाऱ्यांनाही पोचली. केवळ कार्बन डायॉक्साइड विकावयाचा म्हणून तो निर्माण करणारे थोडे. बहुतेकांच्या लेखी तो दुसऱ्या धंद्यातला जोडमाल होय. मुख्य धंदा थंडावला की जोडमालाची वाण पडते.

यातील खरी गंमत त्या हौशी माणसाच्या स्वतःच्या घरातच आहे. किण्वन होताना साखरेचे जवळजवळ समान वजनाचे दोन भाग होतात, एक अल्कोहोल व दुसरा कार्बन डायॉक्साइड. साधारण 5 टक्के अल्कोहोलची 19 लिटर बिअर होत असता सुमारे 700 ग्रॅम वायू सुटतो, म्हणजे त्या पिंपास लागणाऱ्या वायूच्या चौपटीहून अधिक. हा वायू खिडकीवाटे निघून जातो आणि गृहस्थ सिलिंडर घेऊन दुकाने शोधीत हिंडतो. इंग्लंडातील लीड्स येथे 1767 च्या सुमारास जोसेफ प्रीस्टली शेजारच्या बिअरच्या कारखान्यात जाऊन पिंपांवर साचणारा हाच वायू पाण्यात मुरवीत असे. त्यावरील त्याची पुस्तिका 1772 साली निघाली. मोठे कारखाने आज हा वायू गोळा करून शुद्ध करतात व पुन्हा वापरतात. घरी एवढा खटाटोप होत नाही. परंतु दाब सहन करणाऱ्या पिंपातच किण्वन करून, ठराविक दाबाला आपोआप उघडणारी झडप त्यास बसविली, तर पेयात मुरण्यापुरता वायू आतच राहतो. सिलिंडर मग केवळ पेय तोटीपर्यंत ढकलण्यापुरता लागतो, आणि भरणाऱ्याच्या दारी जाण्याची पाळी बऱ्याच उशिरा येते.