फिजिओथेरपी म्हणजे मालिश नव्हे

फिजिओथेरपी म्हणजे मालिश, असा समज आपल्याकडे अजूनही आहे. वस्तुतः बारावीला विज्ञान घेऊन, पुढे किमान चार वर्षे शरीररचना, व्यायामोपचार इत्यादी शिकून व रुग्णालयात उमेदवारी करूनच ही पदवी मिळते. या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना १९५५ साली स्थापन झाली.

अर्धांगवायूने माझ्या आजोबांचा उजवा हात लुळा पडला. थेरपिस्ट बाई त्यांना रोज तोच रिकामा पेला उचलायला लावीत. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. पण एकच हालचाल शेकडो वेळा केली, की शाबूत भाग ते काम थोडेफार शिकतो, असे त्यांनी समजावले. आम्हां वाणिज्यवाल्यांच्या भाषेत ही आवर्ती ठेवच! हप्ता चुकवून चालत नाही. म्हणूनच बाई बेळगावच्या आषाढी पावसातही येत.